बाबा शिस्तीखाली होते ती वर्षं

मी दहावीत होते त्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी माझ्या वडिलांचं नाव प्रभुभोजनाच्या यादीतून काढलं. ठराव उपासना संपताना वाचला गेला. तो चार ओळींचा होता. कारण एकाच ओळीत होतं: सभासदाने आईच्या अंत्यविधीत विस्तवाचं मडकं धरलं, डोकं भादरलं आणि त्याबद्दल खेद व्यक्त करण्यास नकार दिला. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं की चूक कबूल करेपर्यंत सभासद शिस्तीखाली राहील. ‘शिस्तीखाली’ हा आमच्या मंडळीतला शब्द. शिस्तीखालच्या माणसाने देवळात यायचं, गायचं, प्रार्थनेला मान खाली घालायची. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीची ताटली आणि द्राक्षरसाचा पेला बाकाबाकावरून फिरतो, तेव्हा हात मांडीवर ठेवून बसायचं.

बाबा माण तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. तरणेपणी छातीच्या दुखण्याने आडवे झाले, तेव्हा मिशनच्या एका दवाखान्यात आठ महिने खाटेवर होते. बरे झाल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तिथेच मलमपट्टीच्या कामाला राहिले. सखारामचे शमुवेल झाले. पुढे रहिमतपूरच्या बाजूला एका गावात छोटा दवाखाना निघाला, तिथे त्यांना पाठवलं. आवारात आम्हाला दोन खोल्या होत्या. आमची सकाळ दोन स्टोव्हच्या आवाजाने सुरू व्हायची. एक आईचा, चहाचा. दुसरा भिंतीपलीकडे बाबांचा, सुया उकळायचा. बाबांच्या बोटांना जांभळ्या औषधाचा रंग कायम असे. भाकरी मोडताना तो भाकरीला लागत नसे, तरी लहानपणी मी त्यांनी धरलेल्या बाजूचा तुकडा खात नसे. आई सांगलीची. तिच्या माहेरी ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या होत्या. तिचं बोलणं शुद्ध होतं. बाबांनी माणची बोली कधी सोडली नाही. आई हसायची, “लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून प्रार्थनेत म्हणतात, ‘परमेश्वरा, तुला समदं ठावं हाय.’” बाबा म्हणायचे, “त्येला कळतंय की. तुलाच कळंना.”

आजी, म्हणजे बाबांची आई, वर्षातून एकदा एस.टी.ने यायची. पिशवीत हुलगे आणि बाजरी असायची. पंधरा-वीस दिवस राहायची आणि रोज संध्याकाळी हुलग्याचं माडगं करायची; आईला ते आवडत नसे, पण ती वाटी रिकामी करायची. रविवारी आजी आमच्याबरोबर देवळापर्यंत यायची आणि बाहेर लिंबाखाली बसायची. आत ये म्हटलं तर म्हणायची, “तुमचा देव लय गप बसतोय. आमच्याला निदान भंडारा तरी लागतो.” बाबांचं नवं नाव तिने एकदाही घेतलं नाही. सखा म्हणायची. ती माघात गेली. दहिवडीकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने दवाखान्यात निरोप दिला आणि बाबा मिळेल त्या गाडीने गेले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. थोरले चुलते मुंबईला गोदीत होते, त्यांना वेळेत निरोप पोचला नाही. ऊन चढत होतं आणि मडकं धरायला मुलगा लागतो. भावकीतला एकजण म्हणाला, “सखा, तुला चालत नसंल तर म्या धरतो. लोकांस्नी काय सांगायचं ते सांगू.” बाबा म्हणाले, “तुज्या आईचं तू धर. हिचं म्या धरतो.” हे मला त्या माणसाच्या मुलाने फार वर्षांनी सांगितलं. बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, आपण काहीच बोललो नव्हतो, नुसता हात पुढे केला होता. मडकं धरलं आणि डोकं भादरलं, या दोन गोष्टींवर कुणाचंच दुमत नाही.

दिवस उरकून ते एका शनिवारी परत आले. डोक्यावर टोपी, मिशी नाही. मी त्यांना फाटकात ओळखलं नाही. आईने चहा दिला, बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “दोन रविवार घरी बसा. दवाखान्यात पेशंट आहे म्हणून सांगते.”

“कोन पेशंट हाय?”

“तुम्हीच.”

बाबा हसले. दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे आमच्या पुढे चालत देवळात गेले. आमच्या देवळात पुरुष टोपी काढून आत जातात. दाराच्या आतल्या बाजूला टोप्यांसाठी लाकडी खुंट्या होत्या. बाबांनी टोपी काढली, खुंटीला अडकवली आणि चौथ्या बाकावर आपल्या जागी जाऊन बसले. पेटीवाल्याने गीताची एक ओळ दोनदा वाजवली. त्यापलीकडे त्या सकाळी काही झालं नाही.

मंगळवारी संध्याकाळी उपासना चालवणारे पाळकसाहेब आणि मास्तर घरी आले. मास्तर हे पंचांचे प्रमुख, निवृत्त शिक्षक. रविवारच्या वर्गात त्यांनीच मला वचनं पाठ करायला शिकवली होती. आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. ते खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसले, म्हणजे बाबांच्या समोर, एका पातळीवर.

“शमुवेलराव,” ते म्हणाले, “तुम्ही मूर्तीला हात जोडलेत असं कुणी म्हणत नाही. तीन वाक्यं लिहून द्यायची. चूक झाली. खेद आहे. पुन्हा होणार नाही.”

“पुन्ना कसं हुईल, मास्तर? आई येकच हुती.”

पाळकसाहेबांना हसू आलं आणि ते खोकले. मास्तर हसले नाहीत.

“माझा आजा त्याच्या बापाच्या वेळी लांब उभा राहिला,” ते म्हणाले. “मडकं धरलं नाही. गावाने त्याला वर्षभर विहिरीवर चढू दिलं नाही. माझी आजी डबक्यातलं पाणी फडक्याने गाळून प्यायली. तिचं एक लेकरू त्या पाण्याने गेलं. आज मी तुम्हाला चालतं म्हणालो, तर ते पाणी ती कशासाठी प्यायली?”

आई आत भांडं धरून उभी होती, ते तिने खाली ठेवलं नाही.

“तुमच्या आज्यानं केलं ते खरं हुतं,” बाबा म्हणाले. “म्या केलं ते बी खरं हाय.”

“दोन्ही खरं कसं असेल?”

“ते मला सांगता यायचं न्हाई. ज्याला सांगता येतंय त्यो सांगंल की, न्यायाच्या दिशी.”

“तोपर्यंत पंचांना ठरवावं लागतं.”

“ठरवा की. म्या कुटं आडवतोय?”

मास्तरांनी जाताना एक कागद ठेवला. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात ती तीन वाक्यं होती, खाली सहीसाठी जागा. बाबांनी तो आरशामागे खोचला. नंतर अनेक वर्षं मी सातारा आणि सांगलीच्या न्यायालयांत बातमीदार म्हणून बसले. दोन्ही बाजूंचे वकील ऐकले, निकाल लिहून घेतले. मास्तरांच्या त्या प्रश्नाला मला आजही उत्तर देता येत नाही. मास्तर वाईट माणूस नव्हते, हे इथे लिहून ठेवते.

ठरावानंतर आमच्याशी बोलणं कुणी बंद केलं नाही. बहिष्कार हा शब्द मी वापरणार नाही, कारण तसा ठराव नव्हता. घडलं ते असं. आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी घरोघर प्रार्थना असे, पाळीपाळीने. आमची पाळी ठरावानंतरच्या दुसऱ्या बुधवारी होती. आईने दुपारीच भडंग केलं. ती सांगलीची असल्याने भडंगावर तिचा अभिमान होता. लसूण ठेचून, शेंगदाणे वेगळे तळून, चुरमुऱ्यांना तिखट सगळीकडे सारखं लागेल असं ती हाताने कालवायची. तिने शेजारून आणखी एक सतरंजी मागून आणली, कपबशा पुसून उलट्या मांडल्या. सहाला यायचे ते सातपर्यंत कुणी आलं नाही. प्रत्येकाला वाटलं असावं की दुसरं कुणी जाईल. सव्वासातला बाबा म्हणाले, “चला, आपुन तिघं हाय की.” त्यांनी भजन धरलं. ते नेहमी थोडं खालच्या पट्टीत गायचे आणि बाकीच्या आवाजांत ते झाकून जायचं. त्या दिवशी झाकलं गेलं नाही. कडवी संपली की खोलीत एकदम शांत व्हायचं आणि बाहेर रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीचा आवाज ऐकू यायचा. भडंग आम्ही शनिवारपर्यंत खाल्लं. शेवटी ते मऊ पडलं होतं.

मंडळीतली दोन मुलं माझ्याच शाळेत होती. ती रस्त्याने पुढे निघून जायची आणि मी मागून एकटी जायचे. त्यांना कुणी तसं सांगितलं होतं का, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताटली फिरली तेव्हा मी बायकांच्या बाजूने बघत होते. बाबांच्या अलीकडच्या माणसाने ती बाबांच्या मांडीवरून हात लांब करून पलीकडच्याला दिली. बाबांनी त्याला सोपं जावं म्हणून गुडघे बाजूला घेतले. माझ्या शेजारी आईने भाकर घेतली, पण बराच वेळ ती तोंडात तशीच धरून बसली.

त्या वर्षी ईस्टरला माझं दृढीकरण होतं. त्या दिवशी मोठी झालेली मुलं सगळ्यांसमोर आपला विश्वास कबूल करतात आणि पहिल्यांदा प्रभुभोजन घेतात. आईने माझ्यासाठी पांढरं कापड आणलं होतं. मला एकच हवं होतं: माझ्या पहिल्या भाकरीला बाबांच्याही हातात भाकर असावी. ते कागदावर सही करणार नव्हते, हे दिसत होतं. आईने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती रडली, तेव्हा बाबा उठून दवाखान्यात गेले आणि सगळ्या बाटल्या पुसून परत जागेवर ठेवत बसले.

बाबांना वाचता येई, लिहिणं अवघड जाई. त्यांची पत्रं मीच लिहायचे. ते फक्त सही करायचे, सावकाश, ‘श’च्या पोटात दर वेळी शाईचा ठिपका पडायचा. त्यामुळे माझ्या अक्षरातलं पत्र कुणाला खटकणार नव्हतं. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी, आई बाजारात गेली असताना, मी आरशामागचा कागद काढला, तीन वाक्यं कोऱ्या कागदावर उतरवली आणि खाली बाबांची सही केली, ठिपक्यासकट. मास्तरांच्या घरी जाऊन तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. मग पुन्हा वाचला. त्यांचे डोळे भरून आले होते. ते मी जवळून पाहिलं. आत हाक मारून त्यांनी माझ्यासाठी शेंगदाण्याचा लाडू मागवला आणि म्हणाले, “बाबांना सांग, ताटली घेऊन मी स्वतः त्यांच्यापुढे येणार आहे.”

माझा अंदाज असा होता की कागद पंचांच्या फायलीत जाईल, रविवारी यादीत बाबांचं नाव येईल आणि पंच निवळले एवढंच बाबांना वाटेल. ठराव वाचला जातो हे मी कानांनी ऐकलं होतं. माफीही तशीच वाचली जाते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ईस्टरच्या सकाळी देऊळ भरलं होतं. दुसऱ्या गीतानंतर पाळकसाहेब म्हणाले की मंडळीला आनंदाची बातमी आहे, आणि त्यांनी कागद उघडला. पहिलं वाक्य ऐकताना बाबांनी मान वर केली. तिसरं संपेपर्यंत ते उभे राहिले होते.

“पाळकसायेब, ह्ये माजं न्हाई.”

मास्तर पुढच्या बाकावरून वळले. “सही तुमची आहे, शमुवेलराव.”

“सही माज्यासारकी हाय. माजी न्हाई.”

“मग कुणाची?”

“ते म्या सांगणार न्हाई.”

“देवाच्या घरात उभे आहात.”

“म्हणूनच तर उठलो.”

बायकांच्या बाजूला मागे कुणीतरी हळू, पण ऐकू जाईल इतपत म्हणालं, “अवं, त्यांची पत्रं लिवणारी येकच हाय की.” दोघी-तिघी हसल्या. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. लाडू देताना होता तोच चेहरा होता, फक्त रंग उतरला होता. “विमल,” ते म्हणाले, “उभी राहा. हे कुणी लिहिलं?”

मी उभी राहिले. बाबा माझ्याकडे न बघता बोलले.

“तिला इचारू नका, मास्तर. माज्या घरात काय चुकलं आसंल ते माज्या नावावर लिवा.”

“म्हणजे तुम्ही खोटं पत्र दिलंत, असं लिहायचं?”

“काय लिवायचं ते तुमी ठरवा. तिचं आजचं थांबवू नका. येवडंच म्हणतो.”

पंच व्यासपीठाच्या बाजूच्या खोलीत गेले. पेटीवाला कुणी सांगितलं नसताना हळू वाजवत राहिला. ते परत आले तेव्हा पाळकसाहेबांनी सांगितलं की दृढीकरण ठरल्याप्रमाणे होईल. बाबांच्या नावावर दुसरा आरोप लिहिला गेला: मंडळीची फसवणूक. त्यानंतर दृढीकरणाच्या आम्हा चौघा मुलांची नावं पुकारली. मी पुढे गेले. प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती, ती मी दिली. खोटं बोलणं सोडतेस का, असाही एक प्रश्न त्यात येतो. मी हो म्हणाले. मग ताटली आली आणि मी भाकर घेतली. बाबा चौथ्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. त्या दिवशी मी बोलू शकले असते. बोलले नाही. याला दुसरं काही कारण नाही. मला भीती वाटली.

परतताना आई झपाझप पुढे गेली. बाबा माझ्याबरोबर चालत होते. लिंबांची रांग संपली. तेव्हा ते म्हणाले, “भूक लागली आसंल.”

मी रडायला लागले. ते थांबले, पण जवळ आले नाहीत. रडणाऱ्या माणसाला थोडी जागा द्यायची, ही त्यांची दवाखान्यातली सवय होती.

“मारा मला,” मी म्हणाले.

“कशाला? ज्याला समजायचं त्येला समजलंय. पंचांनी काय लिवलं ते वाचलं. कशापायी लिवलं ते त्यांना कागदावर कसं दिसणार? त्येला दिसतंय.” त्यांनी वर बोट केलं नाही, ते तसं कधी करत नसत. “लोकं न्यायाच्या दिसाची भ्या घालत्यात, पोरी. मला त्येचीच आस हाय. ज्याला समदं ठावं हाय त्येची कसली भ्या? भ्या वाटती ती अर्धं ठावं आसणाऱ्याची.”

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, “आजी कुठे असेल?” रविवारच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की शेवटच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे होतील, आणि डावीकडच्यांना कायमच्या आगीत टाकलं जाईल.

बाबा मोठ्याने हसले. मडकं धरून आल्यापासून मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं. “मास्तरांनी कवा शेरडं राखली न्हाईत,” ते म्हणाले. “आमी सांजच्याला येगळी करायचो. मेंढराला लोकर हाय, ते उगड्यावर बसतंय. शेरडाला गारठा सोसत न्हाई, त्येला आडोशाला न्यावं लागतंय. येगळं काढतोय त्यो मारायलाच काढतोय, आसं कुनी सांगितलं?” मग हसू गेलं. “आई कुटं हाय ते मला ठावं न्हाई. ज्याच्याफुडं ती हुबी हाय त्येला ती ठावं हाय. दुस्काळात तिनं आपली भाकरी कुनाकुनाला दिली, ते मला बी समदं म्हाईत न्हाई. त्येनं न्याय केला की मला चालंल. पंचांनी केला आस्ता तर मला झोप लागली नसती.”

पुढे मी एका पाळकांना मेंढरांचा आणि शेरडांचा हा अर्थ विचारला. ते म्हणाले, बायबलातला तो दाखला असा वाचता येत नाही, त्याचा शेवट स्पष्ट आहे. मी बाबांना ते कळवलं नाही. वयाच्या या टप्प्यावर मी तो दाखला वाचते तेव्हा पाळकांचं बरोबर आहे हे मला दिसतं, आणि तरी वाचताना डोळ्यांपुढे बाबांचा आडोसाच येतो. देवळाची ती इमारत आता नाही. नवीन आहे, पंखे आहेत, गीतं पडद्यावर येतात आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी वचन येतं. ग्रुपमधल्या कुणाला शिस्तीखाली म्हणजे काय हे माहीत असेल, असं वाटत नाही.

बाबा त्यानंतर दर रविवारी देवळात गेले. केस आले, मिशी आली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गुडघे बाजूला घ्यायचे. मी पुढच्या शिक्षणासाठी सांगलीला मामाकडे गेले आणि तिथेच एका दैनिकात मुद्रितं तपासायला लागले. नोकरीच्या पहिल्या वर्षी, त्या ईस्टरनंतर चार वर्षांनी, मी पंचांना पत्र लिहिलं: ते पत्र मी लिहिलं होतं, सही मी केली होती, बाबांना माहीत नव्हतं. या वेळी खाली माझी सही होती. पंचांची सभा झाली. मास्तर तेव्हा अंथरुणावर होते. त्यांना पत्र वाचून दाखवलं, असं मला कळलं. ते काय म्हणाले ते कळलं नाही. दुसरा आरोप खोडला गेला. पहिला तसाच राहिला, कारण तो खरा होता. मी गावी गेले तेव्हा बाबा सुया उकळत होते. “कशाला लिवलंस?” ते म्हणाले. “कवाच मिटलं हुतं की.” मग स्टोव्ह बंद करून म्हणाले, “बरं केलंस. आता जेवशील नीट.” त्या चार वर्षांत मी नीट जेवत नव्हते, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मी पंचांकडे आणखी दोनदा अर्ज केले. एकदा उत्तर आलं की सभासदाने स्वतः अर्ज करावा. बाबांनी केला नाही. आई गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीची प्रार्थना मंडळीने केली आणि बाबा कबरीच्या कडेला पहिल्या माणसाच्या जागी उभे होते. त्याला कुणी हरकत घेतली नाही. त्यानंतर ते एकटेच त्या दोन खोल्यांत राहिले. दवाखाना तोवर बंद झाला होता. मी साताऱ्याला नोकरीला गेल्यावर त्यांना तिकडे बोलावलं तर म्हणायचे, “तिकडं रविवारी कुटं बसू? हितं माजी जागा हाय.”

शेवटचं दुखणं पुन्हा छातीचंच होतं. मामेभावाने त्यांना सांगलीच्या एका दवाखान्यात भरती केलं. मी साताऱ्याला दैनिकात होते आणि माझी सुट्टी मंगळवारची होती. बाबा सोमवारी पहाटे गेले. मी दुपारी पोचले. आदल्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता आणि सांगलीच्या एका मंडळीचे पाळक उपासना आटोपून वॉर्डात आजाऱ्यांना प्रभुभोजन द्यायला आले होते, हे मला तिथल्या नर्सने सांगितलं. पुढे मी त्या पाळकांना घरी जाऊन भेटले. दोघांना वेगवेगळं विचारलं.

पाळकांनी नाव आणि मंडळी विचारली. बाबांनी दोन्ही सांगितलं आणि म्हणाले, “मंडळीनं माजं नाव काढलंया. आदी सांगतो, मागनं तुमाला वाईट वाटाय नको.” पाळकांनी कारण विचारलं. बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं. पाळकांनी विचारलं, “पश्चात्ताप आहे का?” बाबा म्हणाले, “लय गोष्टींचा हाय. त्येचा न्हाई.”

यानंतर पाळक किती वेळ उभे राहिले, याबद्दल दोघांत फरक आहे. पाळक म्हणाले, क्षणभर. नर्स म्हणाली, तेवढ्यात तिने शेजारच्या खाटेची सलाईनची बाटली बदलली. मग पाळकांनी भाकरीची डबी उघडून पुढे धरली. पुढे ते पलीकडच्या खाटेकडे गेले आणि नर्सला दुसऱ्या वॉर्डातून हाक आली, म्हणून त्यापुढचं दोघांनीही पाहिलं नाही. बाबांनी भाकर हातात घेतली, इथपर्यंत दोघांचं सांगणं जुळतं.